‘अनुष्ठान’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि पठ्यक्रम, पाठ्यक्रम, अभ्यासक्रम)

खानापूरची बाई:
आमची शाळा कर्नाटक सरकारची, मराठी माध्यमाची, पहिली ते सातवी. परवा वरून कन्नडमध्ये परिपत्रक आलं. विषयाच्या ओळीत ‘पठ्यक्रम अनुष्ठान’. शनिवारी एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची सभा होती आणि निम्म्या पालकांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी फळ्यावर लिहिलं, ‘अभ्यासक्रमाची अंमलबजावणी’. समितीतले एक वयस्क काका उठून म्हणाले, “बाई, अंमलबजावणी म्हणजे काय, दंड बसणार काय?” कन्नड शाळेत शिकलेला एक तरुण सदस्य म्हणाला, मूळ शब्द अनुष्ठान आहे तर तोच ठेवा. तर मागून एका आजींनी विचारलं, कुठल्या देवळात? सभा तिथंच अडकली. नव्या पद्धतीत पालकांनी घरी काय बघायचं, हे सांगायचंच राहिलं. त्याची मला फार रुखरुख लागली आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा सभा आहे. दोन शब्द हवेत, अनुष्ठानला एक आणि पठ्यक्रमला एक. आजींना कळतील असे.

वडगावचा जुना फळा:
बाई, आधी एक करा. मराठीत ‘पठ्यक्रम’ लिहू नका. हस् पासून हास्य, त्यज् पासून त्याज्य, तसं पठ् पासून पाठ्य. कन्नडनं ते ऱ्हस्व करून घेतलं, ती त्यांची रीत. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. दर वर्षी आठवीच्या वर्गात दहा-बारा पोरं ‘पठ्यपुस्तक’ लिहून यायची. लाल शाईनं तेवढा एक काना देत मी वह्याच्या वह्या तपासल्या आहेत.

मार्कंडेय काठ:
सर, तुमच्या त्या दहा-बारा पोरांत मी असू शकतो. आम्ही सकाळी मराठीच्या तासाला पाठ्य आणि दुपारी कन्नडच्या तासाला पठ्य लिहायचो. पोरगं कुठल्या तासाला बसलंय त्यावर काना. दोन्ही त्याच्या कानाला खरेच वाटतात. इथली मराठी इथल्या रस्त्यावर घडते, तिला चूक ठरवून काय मिळतं? शाळेबाहेर पडलं की पोरं ‘काय करूलास?’ म्हणतात, तेही पुण्याच्या पुस्तकात नाही.

वडगावचा जुना फळा:
‘करूलास’ ही आपली बोली आहे, ती मीही बोलतो. बोली आणि चुकीचं लेखन एका तागडीत घालू नका. दहावीला पहिल्या भाषेला १२५ गुण असतात, त्यातले १०० लेखी पेपरचे. तिथं काना गेला की गुण गेला.

निपाणीचा वाचक:
काकांना दंडाची भीती का वाटली ते सांगतो. ‘अंमल’ अरबीतून आला, काम आणि हुकमत असे दोन्ही अर्थ घेऊन. ‘बजावणी’ ऐकलं की आपल्याला काय आठवतं? नोटीस बजावली, समन्स बजावलं. माझ्या वडिलांनी जमिनीच्या दाव्यात आयुष्य घालवलं. कन्नड कोर्टात अंमलबजावणीला अमलजारी म्हणतात, म्हणजे निकाल लागला, आता ताबा घ्या. पोस्टमननं जाड लिफाफा आणला की आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहायची. ज्या घरानं हे बघितलंय त्याला अंमलबजावणी हा शाळेचा शब्द कधीच वाटणार नाही.

उलट अनुष्ठान संस्कृतात निव्वळ ‘हाती घेतलेलं काम पार पाडणं’. कन्नड सरकारी भाषेनं तो जुना अर्थ धरून ठेवला. आपण मराठीत तो आकसून देवापुढं नेऊन बसवला. म्हणजे तो तरुण सदस्यही चुकला नव्हता आणि आजीही नाहीत.

मी ‘राबवणे’ सुचवतो. अस्सल मराठी, आजीला राबणं माहीत आहे.

उगारची, सध्या पुण्यात:
‘योजना राबवणे’ हे इथं इतकं घासून गेलंय की ऐकू येईनासं झालंय. पण मला दुसऱ्या शब्दाबद्दल बोलायचंय. हिंदीवाले पाठ्यचर्या आणि पाठ्यक्रम वेगळे ठेवतात. पाठ्यचर्या म्हणजे मुलानं काय व्हावं, कशासाठी शिकावं, शिक्षकानं कसं शिकवावं हा सगळा विचार. पाठ्यक्रम म्हणजे कुठल्या इयत्तेत कुठले घटक, त्याची यादी. मराठीत दोन्हींना आपण अभ्यासक्रम म्हणून मोकळे होतो. २००५ चा राष्ट्रीय आराखडा हिंदीत ‘पाठ्यचर्या की रूपरेखा’, मराठीत ‘अभ्यासक्रम आराखडा’. बालभारतीचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ’. १९६७ साली नाव ठेवणाऱ्यांनी पुस्तक आणि अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या.

इंग्रजी शब्दही बघा. करिक्युलम लॅटिनमधून, मूळ अर्थ धावणं, शर्यतीची वाट. आणि सिलॅबस हा शब्द तर प्राचीन रोमन वक्ता सिसेरोच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातल्या छपाईत एक ग्रीक शब्द चुकीचा वाचला गेला म्हणून जन्मला. छपाईच्या चुकीवर आज जगातल्या सगळ्या शाळा चालतात, आणि आपण पोराचा काना मोजतोय.

मार्कंडेय काठ:
हेच मी म्हणत होतो.

वडगावचा जुना फळा:
रोमच्या चुकीनं आमची चूक बरोबर होत नाही.

पण ताई, पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, हे इथल्या शिक्षकांनी सोसून शिकलेलं आहे. २०२३ च्या जूनमध्ये पुस्तकं छापून झालेली होती, आणि मग सहावी ते दहावीच्या कन्नड आणि समाजविज्ञानातले काही धडे वगळायचे, काही नवे घ्यायचे असं ठरलं. पुस्तक तेच, पाठ्यक्रम बदलला. माझी सून तेव्हा समाजविज्ञान शिकवायची. तिनं आख्ख्या वर्गाकडून अनुक्रमणिकेत पेन्सिलीनं फुल्या मारून घेतल्या. एका मुलीनं विचारलं, “टीचर, आम्ही वाचला तर चालतो काय?” सून म्हणाली, वाच की, परीक्षेला नाही एवढंच.

खानापूरची बाई:
सगळं वाचते आहे, खूप शिकायला मिळतंय. पण आमच्या गावात अभ्यासक्रमही कुणी म्हणत नाही. पालक विचारतात, “पोर्शन झाला काय?” मीही घरी पोर्शनच म्हणते. मग फळ्यावर ‘नवा पोर्शन कसा शिकवणार’ असं लिहिलं तर? शिवाय आमच्याकडं ‘अभ्यास’ म्हटलं की मुलं धड्याखालचे प्रश्न काढतात, कारण कन्नडमध्ये त्यांनाच अभ्यास म्हणतात. ‘अभ्यासक्रम’ म्हणजे प्रश्नांचा क्रम, असं एका चौथीतल्या मुलानं मला खरंच सांगितलं.

वडगावचा जुना फळा:
पोर्शन नको, बाई. पोर्शन म्हणजे तुकडा, उरकायचा वाटा. जुना शब्द होता ‘शिक्षणक्रम’. माझे वडील मुंबई राज्यातल्या शाळेत शिकले, ते शिक्षणक्रम म्हणत आणि पुस्तकाला ‘क्रमिक पुस्तक’. क्रमिक! एकामागून एक पायरी. १९५६ नंतर शाळा तीच राहिली, राज्य बदललं, आणि हे शब्द हळूहळू पुसले गेले. मला ते परत हवे आहेत.

उगारची, सध्या पुण्यात:
शिक्षणक्रम नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं जिवंत ठेवलाय, पण पदवीच्या आख्ख्या वाटेसाठी. त्यातला एक-एक विषय तो अभ्यासक्रम.

निपाणीचा वाचक:
शब्दांचंच निघालंय तर ‘पाठ टाचण’ कुणी वापरतं का? माझी मावशी कागलच्या बाजूला शिक्षिका होती, ती रोज रात्री टाचण काढायची. आमच्याकडं पाठयोजना म्हणतात, नाहीतर कन्नडसारखं पाठ टिप्पणी.

खानापूरची बाई:
आम्ही पाठयोजनाच लिहितो. पण टाचण शब्द ऐकून आईचं मशीन आठवलं. ती ब्लाउज शिवायची. कापड कापलं की आधी पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके घालायची, अंगाला लावून बघायची, मग पक्की शिलाई, आणि शेवटी पांढरा दोरा ओढून काढायची. त्याला ती टाचणंच म्हणायची. माझ्या वहीतली निम्मी पाठयोजना वर्गात गेल्यावर अशीच उसवावी लागते.

मार्कंडेय काठ:
पण टाचण टाचणीवरून ना? कागद टोचून ठेवलेला तो.

वडगावचा जुना फळा:
नाही. टाचणे हे क्रियापद आधी, टाचण आणि टाचणी दोन्ही त्याच्या लेकी. उद्या मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश काढून बघतो.