चवथीच्या जुन्या व्हिडिओत सगळे जाडे-बुटके दिसतात, काय करू?

घुमटवाला:
आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरची १९९७च्या चवथीची (गणेश चतुर्थीची) व्हीएचएस कॅसेट होती. एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली. तिची हँडब्रेकने (व्हिडिओचं रूप बदलणारं फुकट सॉफ्टवेअर) एमपी४ फाइल केली आणि पेनड्राइव्हवर घातली. लॅपटॉपवर छान दिसते, पण हॉलमधल्या टीव्हीला लावली की माणसं आडवी पसरतात. आमचे आजोबा जन्मभर काठीसारखे, टीव्हीवर पिंप! यंदा चवथीला सगळे जमणार, त्याआधी हे निस्तरायचंय. कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ?

पावसाळी पणजी:
रिमोटवर झूम दाबा की झालं. आम्ही तेच करतो.

जुनी कॅसेट:
झूम अजिबात नको! जुन्या ४:३ (रुंदी:उंची) चित्राने टीव्हीचा १६:९ पडदा भरायचा तर उंचीचा चौथा हिस्सा छाटला जातो. चवथीच्या व्हिडिओत वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) आणि खाली घुमटं (मातीची चामडं लावलेली वाद्यं) घेऊन बसलेली मंडळी. नेमकं तेच जाणार.

विकत काही घेऊ नका. आधी चित्र थांबवून घुमटाच्या तोंडाला मोजपट्टी लावा; ते गोल असतं, म्हणजे रुंदी-उंची सारखीच यायला हवी. घुमट कॅमेऱ्याकडे अगदी सरळ तोंड करून असेल असंच दृश्य निवडा. रुंदी-उंची किती येते ते सांगा.

घुमटवाला:
रुंदी १२ सेंमी, उंची ९. यूएसबीवरून लावलं की टीव्हीच्या मेनूत ४:३ चा पर्याय पुसट होतो, दाबता येत नाही.

जुनी कॅसेट:
१२ला ९ म्हणजे ४:३. टीव्ही चित्र ताणून पडदा भरतोय, फाइल बिघडलेली नाही. (बारीक दिसली असती तर वेगळं दुखणं. पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२०×५७६ ठिपके, म्हणजे ५:४ असतं आणि ते ४:३ करून दाखवा अशी खूण फाइलीत असते. काही टीव्ही ती वाचतच नाहीत, मग माणसं किंचित सुकतात.)

तुमचा टीव्ही हट्टी आहे, म्हणून काळ्या पट्ट्या चित्रातच भाजून टाका. पुन्हा मूळ डीव्हीडीपासून सुरुवात करा, एमपी४ची एमपी४ नको. हँडब्रेकच्या डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक नन, क्रॉपिंग नन, चित्र ७६८×५७६. एवढी रुंदी घेत नसेल तर अपस्केलिंगला परवानगी द्या. मग बॉर्डर्समध्ये डावी-उजवीकडे १२८-१२८. एकूण १०२४×५७६, म्हणजे बरोबर १६:९. टीव्हीला ताणायला काही उरतच नाही. १०८०पर्यंत फुगवू नका, व्हीएचएसमध्ये तेवढा तपशील मुळात नसतो.

फिल्टर्समध्ये डीइंटरलेस (एकाआड एक ओळींचं चित्र सलग करणारा फिल्टर) चालू करा, प्रीसेट बॉब. नाहीतर घुमटावर पडणारे हात फणीच्या दातांसारखे फाटलेले दिसतात.

पावसाळी पणजी:
म्हणजे आमच्या लग्नाच्या व्हिडिओतले सासरे इतकी वर्षं बिनडोक्याचे बघतोय आम्ही.

घुमटवाला:
झालं! आधी दोन मिनिटांचाच तुकडा करून बघितला, मग रात्रभर पूर्ण लावला. घुमट आता ९ला ९. आजोबा परत काठी झाले. देव बरें करूं!

फक्त काकी विचारतेय, टीव्ही दोन्ही बाजूंनी काळा पडलाय, मेकॅनिकला बोलावू का.