मदत हवी आहे: विद्यापीठाची शताब्दी नक्की कोणत्या तारखेपासून मोजायची?

आमच्या कॅथलिक विद्यापीठाच्या शताब्दीचं प्रदर्शन माझ्या गळ्यात पडलंय, आणि पहिल्याच फलकावर गाडी अडली आहे. परवानगीचं पत्र एका वर्षीचं, पहिला वर्ग दुसऱ्या वर्षी. समितीत दोन तट पडलेत.

दाखला म्हणून बेल्जियममधलं लूवेन विद्यापीठ पाहिलं. पोप पाचवे मार्टिन यांचं स्थापनापत्र ९ डिसेंबर १४२५ चं, शिकवणं मात्र १४२६ मध्ये सुरू झालं. १७९७ मध्ये फ्रेंच राजवटीने विद्यापीठ बंदच केलं, १८३४ मध्ये कॅथलिक विद्यापीठ नव्याने उभं राहिलं. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने ग्रंथालय जाळलं, १९४० मध्ये ते पुन्हा जळालं. पुढे १९६८ च्या भाषावादातून डच आणि फ्रेंच अशी दोन विद्यापीठं झाली, चक्क ग्रंथालयातल्या पुस्तकांचीही वाटणी झाली. तरी २०२५ मध्ये सहाशे वर्षं दोघांनीही साजरी केली! म्हणजे मोजणी स्थापनापत्रापासून, मधला खंड धरूनच. मलाही तेच पटतं, पण समितीतल्या ज्येष्ठांना ‘पहिला विद्यार्थी आला तो दिवस’ हवाय.

तुमच्या संस्थेत असा वाद झाला होता का? कसा सोडवलात?

आणखी एक. सुरुवात कृतज्ञतेच्या मिस्साने (कॅथलिक सामूहिक उपासनेने) होणार हे ठरलंय. पण आमचे निम्मे विद्यार्थी इतर धर्मांचे आहेत. त्यांना नुसतं प्रेक्षक म्हणून बसवणं मला बरं वाटत नाही. मिस्साचं स्वरूप न बदलता, त्याआधी किंवा नंतर त्यांना सामावून घेणारं काही केलं असेल तर जरूर सांगा. भाषणं सोडून काहीही चालेल, ती आधीच सात आहेत.