बाबांना ब्लॅडरमध्ये बीसीजी चालू आहे, लघवी लाल दिसतेय, पुढचा डोस घ्यावा का?

सई_मिरज
नमस्कार, घाईत लिहितेय. बाबांना (वय ६७) मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, दुर्बिणीतून गाठ काढली, रिपोर्टमध्ये हाय ग्रेड (वेगाने वाढणारा प्रकार) आलं पण स्नायूपर्यंत गेलेलं नाही म्हणाले. आता नळीने मूत्राशयात सोडायचे, दर आठवड्याला एक असे बीसीजीचे ६ डोस सांगितलेत, दोन झाले, तिसरा परवा आहे. कालपासून बाबांना लघवीला जळजळतंय, आज सकाळी लघवी लालसर दिसली आणि अंगात कणकण आहे, थर्मामीटरवर १००. बाबा म्हणतात हॉस्पिटलमध्ये काही बोलू नकोस, तारीख पुढे ढकलतील आणि मग आधीचे दोन डोस वाया जातील. मेडिकलवाला म्हणतो सिप्रो (अँटिबायोटिक) देतो, परवापर्यंत बरं वाटेल. देऊ का? आणि दुसरं म्हणजे घरात माझा ३ वर्षांचा मुलगा आहे, टॉयलेट एकच, बीसीजी म्हणजे टीबीचीच लस ना, त्याला काही होणार नाही ना?

युरो_सिस्टर
सईताई, परवाची वाट बघू नका, आत्ताच युरॉलॉजीच्या ओपीडीला फोन लावा. मी युरॉलॉजी वॉर्डात काम करते म्हणून जरा सविस्तर सांगते. बीसीजीत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले पण जिवंत. ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर बसतात, मग शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी होते आणि कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडते. कॅनडात डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली हे पहिल्यांदा छापलं, तेव्हापासून जगभर देतात. पण हे सगळं मूत्राशयाच्या आतच राहायला हवं. लघवीला रक्त दिसतंय म्हणजे आत कुठेतरी जखम उघडी आहे, अशा वेळी औषध सोडलं तर जंतू तिथून थेट रक्तात जाऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून रक्त, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना डोस देत नाहीत. नळी घालताना रक्त आलं तरी त्या दिवशी थांबवतात, ऑपरेशननंतरही निदान दोन आठवडे जाऊ देतात ते यासाठीच.

डोसनंतर एक-दोन दिवस जळजळ, सारखी लघवी, थोडी कणकण हे चालतं. तुमच्या बाबांचा डोस होऊन पाच दिवस झाले आणि त्रास काल सुरू झाला, ते तपासायलाच हवं. एखादा आठवडा पुढे गेल्याने आधीचे डोस वाया जात नाहीत हे बाबांना माझ्या नावाने सांगा.

सिप्रो अजिबात देऊ नका. एकतर लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) द्यायच्या आधी गोळी गेली की रिपोर्टात काही सापडत नाही, आणि सिप्रोच्या जातीची औषधं बीसीजीच्या जंतूंनाही मारतात. कुठली अँटिबायोटिक द्यायची ते डॉक्टर ठरवतील. बाबांना संधिवातासाठी स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट असलं प्रतिकारशक्ती कमी करणारं काही चालू आहे का? कधी टीबी झाला होता का? हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी? सगळं सांगा, पण मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.

बापू_नगर
सईताई, मी स्वतः ६ डोस पूर्ण करून आता मेंटेनन्सवर (नंतर अधूनमधून द्यायच्या डोसांवर) आहे म्हणून टॉयलेटचं सांगतो, नातवंडं माझ्याही घरात आहेत. मुलाला मांडीवर घेणं, एका ताटात जेवणं याने काही होत नाही, काळजी फक्त लघवीची घ्यायची. औषध आत गेलं की दोन तास लघवी रोखायची, आमच्याकडे सिस्टर मधूनमधून कूस बदलायला लावतात. म्हणून सकाळपासून चहापाणी कमी घ्यायचं, नाहीतर दोन तास निघत नाहीत. बाहेरगावाहून जात असाल तर पहिली लघवी हॉस्पिटलमध्येच करून मग निघा, एसटीत फार हाल होतात.

त्यानंतर ६ तास जेवढ्या वेळा लघवी होईल तेवढ्या वेळा बसूनच करायची, उभ्याने केली की शिंतोडे उडतात. भांड्यात लघवीइतकंच घरगुती ब्लीच ओतायचं, १५ मिनिटं तसंच ठेवायचं, मग फ्लश. हे करताना टॉयलेट धुवायचं ॲसिड त्यात मुळीच मिसळू नका!! ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू निघतो, छोट्या बाथरूममध्ये फार धोक्याचं आहे. खिडकी उघडी ठेवा, बाटली पोराच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. हात आणि खालची जागा साबणाने धुवायची, कपड्याला लघवी लागली तर वेगळे धुवायचे. ६ तास झाले की पाणी भरपूर प्यायलं तरी चालतं, उलट बरंच. बाबा बिडी-सिगारेट ओढत असतील तर आता पूर्ण बंद करा, या कॅन्सरचं ते सगळ्यात मोठं कारण आहे, आमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं.

मृण्मयी_ठाणे
सिस्टर आणि बापूकाकांनी बरंच सांगितलं, मी तापाबद्दल लिहिते कारण आमच्याकडे ते झालं. माझ्या सासऱ्यांना डोस संपल्यावर काही महिन्यांनी रोज संध्याकाळी ताप यायचा, घाम, वजन उतरलेलं. पावसाळा होता म्हणून आधी मलेरिया, मग टायफॉइडची औषधं झाली, कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही त्याचा या औषधाशी संबंध असेल असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी जुनी फाइल वाचली आणि तपासण्या करून टीबीची औषधं सुरू केली, आता ठणठणीत आहेत. तेव्हा कळलं की टीबीतली नेहमीची पायराझिनामाइड ही गोळी बीसीजीच्या जंतूवर चालत नाही, म्हणून मूळ कारण डॉक्टरांना माहीत असणं फार गरजेचं.

ताप १०१ च्या वर गेला, दोन दिवसांत उतरला नाही, थंडी वाजून आला, दम लागला, डोळे पिवळे दिसले, सांधे किंवा वृषण सुजलं तर रात्र असली तरी निघायचं. आणि बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, 'मूत्राशयात बीसीजी दिलेलं आहे, तारीख अमुक'. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी दाखवा.

औषध तुम्ही बाहेरून आणता का? आम्ही पुण्याच्या सीरमचं ऑन्को-बीसीजी आणायचो. ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, त्यामुळे आधीपासून आणून घरच्या फ्रिजमध्ये साठवण्यापेक्षा त्याच दिवशी थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक घालून न्यायचं, बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी बघून. बाळांना टोचतात ती बीसीजी आणि ही वेगळी, डोसात खूप फरक आहे, दुकानदाराने 'हीच चालेल' म्हटलं तर घेऊ नका.

सई_मिरज
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्ही लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, मग त्यांनी स्वतःच फोन केला. लगेच बोलावलं, लघवी कल्चरला दिली आहे, परवाचा डोस रद्द केलाय, रिपोर्ट आल्यावर बघू म्हणाले. ताप वाढला तर थेट ॲडमिट व्हायचं. बाबांना गुडघ्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत, त्यात स्टेरॉइड आहे का ते पाकीट नेऊन विचारणार आहे.

युरो_सिस्टर
छान केलंत. पाकिटं सगळीच न्या, फोटो नको, पाकीट. आणि ६ डोस झाल्यावर बरं वाटलं तरी तीन महिन्यांची दुर्बिणीची तपासणी चुकवू द्यायची नाही, आत परत काही उगवलंय का ते नीट त्यातच दिसतं.