मदत हवी आहे: नागपूर ते वर्धा व्हीएम (आभासी सर्व्हर) रेप्लिकेशन रोज रात्री तुटतं, सकाळी 'रीसिंक' मागतं

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका पतसंस्थेचं आयटी मी एकटी सांभाळते. मुख्य कार्यालय सीताबर्डीला, आणि सर्व्हर आधी तळघरात होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी रस्त्यावर आली, तेव्हा आमच्या जिन्यावरून पाणी खाली उतरत होतं. रॅक चौथऱ्यावर होता म्हणून वाचला. चौथा शनिवार होता, त्यामुळे सोमवारपर्यंत वेळ मिळाला. पण ते दोन दिवस डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: सोमवारी सकाळी काउंटरसमोर ठेवीदार उभे आहेत आणि माझ्याकडे त्यांची खाती नाहीत.

सर्व्हर आता वरच्या माळ्यावर आहेत. शिवाय वर्ध्याच्या शाखेत दुसरा होस्ट (व्हीएम चालवणारं मशीन) ठेवून हायपर-व्ही रेप्लिका सुरू केलं आहे, म्हणजे इथल्या व्हीएममधले बदल तिथल्या प्रतीत सतत उतरत राहतात. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१९, मध्ये २० एमबीपीएसची लीज लाइन. चार व्हीएम आहेत: डोमेन कंट्रोलर (लॉगिन सांभाळणारा), एसक्यूएल (डेटाबेस), अ‍ॅप्लिकेशन आणि फाइल सर्व्हर. एकूण डेटा १.८ टीबी. लाइनवरून पहिली कॉपी न्यायची तर २०० तास लागले असते, म्हणून एक्सटर्नल डिस्कवर भरून ती मी स्वतः वर्ध्याला घेऊन गेले.

दिवसभर सगळं हिरवं असतं. रेप्लिकेशन दर ५ मिनिटांनी. रात्री दीडनंतर एसक्यूएलचा व्हीएम मागे पडायला लागतो आणि सकाळी 'रीसिंक्रोनायझेशन आवश्यक' असं दिसतं, म्हणजे दोन्ही प्रती पूर्ण ताडून पुन्हा जुळवा. रीसिंक लावला की दोन्हीकडच्या डिस्क घासत बसतो आणि शाखांचं काम रेंगाळतं. बाकी तीन व्हीएमना काही होत नाही. लाइन ५० एमबीपीएसची करून घ्या असं आमच्या पुरवठादाराचं म्हणणं आहे. संचालक मंडळाकडे पैसे मागण्याआधी खात्री करायची आहे, कारण हा खर्च सभासदांच्याच पैशातून होणार.

प्रतिसाद १

ताई, लाइनचे पैसे आत्ता देऊ नका. आधी हे सांगा: एसक्यूएलच्या व्हीएमला डिस्क किती, कोणत्या आकाराच्या? रात्री मेंटेनन्स जॉब काय चालतात? आणि बॅकअपची फाइल कुठे पडते?

मूळ प्रश्नकर्ती

सी ड्राइव्ह ८० जीबी, डी ड्राइव्ह ४२० जीबी. डेटाबेस साधारण ११० जीबी, रिकव्हरी मॉडेल फुल, म्हणजे प्रत्येक बदल ट्रान्झॅक्शन लॉगमध्येही पूर्ण नोंदला जातो. रात्री दीडला सगळे इंडेक्स (डेटा पटकन शोधायच्या सूची) रीबिल्ड होतात, म्हणजे नव्याने बांधले जातात, साडेतीनला फुल बॅकअप. बॅकअप डी ड्राइव्हवरच पडतो, नंतर फाइल सर्व्हरवरच्या रेप्लिकेट न होणाऱ्या डिस्कवर जातो. हे जॉब माझ्या आधीच्या माणसाने लावले होते, मी हात लावला नाही.

प्रतिसाद १

मग दुखणं तिथंच आहे. रेप्लिकाला फाइल कळत नाही, ब्लॉक (डिस्कचा तुकडा) कळतो. कोणत्याही कारणाने डिस्कवर काही लिहिलं गेलं की ते रेप्लिकाच्या लॉगमध्ये उतरतं आणि वर्ध्याला जायच्या रांगेत लागतं. आता तुमच्या रात्रीचा हिशोब करा. रीबिल्डमध्ये ११० जीबी डेटा नव्याने लिहिला जातो. फुल मॉडेलमुळे जवळपास तितकंच ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये जातं. वर बॅकअपचे शंभरेक जीबी. झाले ३२० जीबी. तुमची लाइन कॉम्प्रेशनशिवाय तासाला ९ जीबी नेते. रेप्लिकाचा हा साठलेला लॉग व्हीएमच्या एकूण डिस्कच्या निम्म्यावर गेला की, म्हणजे तुमच्याकडे २५० जीबीच्या पुढे, हायपर-व्ही हात टेकतं आणि रीसिंक मागतं. ५० ची लाइन घेतली तरी तासाला २२ जीबीच. ग्राहकांच्या व्यवहारांना तुमची २० ची लाइन दिवसभर पुरते आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

रोज रीबिल्ड कशासाठी? फ्रॅगमेंटेशन (इंडेक्स किती विस्कळीत झालाय ते) बघा. थोडं असेल तिथे रीऑर्गनाइझ, म्हणजे हलकी आवराआवर, पुरतं. ३० टक्क्यांच्या वर असेल तेवढ्यांचाच रीबिल्ड, तोही रविवारी, थोडा थोडा. रोज फक्त स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा पसरलाय याचे एसक्यूएलचे अंदाज) अपडेट ठेवा. वेगाचा बराचसा फायदा त्यातूनच मिळतो. बॅकअपला कॉम्प्रेशन लावा आणि त्यासाठी वेगळी व्हीएचडीएक्स (आभासी डिस्क) जोडा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून, नंतर जोडलेली डिस्क आपण सांगितल्याशिवाय रेप्लिकेशनमध्ये जात नाही. टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरता डेटाबेस) हीसुद्धा अशाच वेगळ्या डिस्कवर न्या. फक्त वर्ध्याच्या व्हीएमला त्याच अक्षराची डिस्क आणि तोच फोल्डर तयार ठेवायला विसरू नका, नाहीतर ऐनवेळी एसक्यूएल सुरूच होणार नाही. हे मी स्वतः भोगलंय.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो.

डोमेन कंट्रोलर रेप्लिकेट करण्यापेक्षा वर्ध्यात दुसरा कंट्रोलर कायम चालू ठेवा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंट्रोलरवरची वापरकर्त्यांची यादी) आपला डेटा आपणच पोचवते. नागपूर बंद पडलं तरी तिथलं लॉगिन आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) जिवंत राहील.

आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी टेबल उडवलं किंवा रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तेही पाच मिनिटांत वर्ध्याला पोचेल. जुने रिकव्हरी पॉइंट ठेवता येतात, पण तेही जास्तीत जास्त २४ तासांचे. त्यामुळे बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवीच.

अंतराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. वर्धा रस्त्याने ७५ किलोमीटरच्या आसपास. नागनदी पूर्वेला कन्हानकडे जाते, त्यामुळे त्या पुराचा वर्ध्याशी संबंध नाही. तुमच्या धोक्यासाठी जागा योग्य आहे.

शाखांमधल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा आयपी लिहिलाय की नाव?

मूळ प्रश्नकर्ती

आयपी लिहिला होता, सहाही शाखांत. आता नाव टाकलं आणि डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ५ मिनिटांवर आणला. वर्ध्यात लागणारा आयपी व्हीएमच्या फेलओव्हर (काम वर्ध्याच्या प्रतीवर वळवणं) सेटिंगमध्ये आधीच भरून ठेवला.

रीबिल्ड बंद करून आणि बॅकअपची डिस्क वेगळी करून आज आठवी रात्र. एकदाही रीसिंक नाही. पहाटे चारलासुद्धा वर्धा दहा मिनिटांच्या आत असतं. लाइन वाढवण्याचा अर्ज मागे घेतला.

काल रविवारी वर्ध्याला जाऊन टेस्ट फेलओव्हर केलं, वेगळ्या व्हर्च्युअल स्विचवर, म्हणजे चालू कामाला धक्का नाही. टेम्पडीबीचा फोल्डर मी तयार ठेवला होता, तरी एसक्यूएल पहिल्यांदा उठलं नाही. सर्व्हिस अकाउंटला त्या फोल्डरवर परवानगी नव्हती. ती दिल्यावर सुरू झालं. शनिवारच्या शेवटच्या वीस पावत्या कागदावर नेल्या होत्या. वीसही जुळल्या.

आता एकच विचारायचं आहे. एसक्यूएल आणि अ‍ॅप्लिकेशन हे दोन व्हीएम एकाच क्षणाचे असतील याची हमी रेप्लिका देत नाही ना? अर्धवट राहिलेली दिवसअखेर (रोजचा हिशोब बंद करण्याची प्रक्रिया) अशा वेळी तुम्ही कशी तपासता?

प्रतिसाद १

नाही देत. प्रत्येक व्हीएम आपल्या वेळेवर चालतो. म्हणून अ‍ॅप्लिकेशनच्या व्हीएममध्ये हिशोबाचं काही साठवू नका, सगळं डेटाबेसमध्येच. एसक्यूएलला अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंट पॉइंट (डेटाबेस सुसंगत अवस्थेत असताना घेतलेले रिकव्हरी पॉइंट) चालू करा. आणि दिवसअखेर संपल्याची नोंद एका टेबलात तारीखवार पडू द्या. फेलओव्हरनंतर पहिली क्वेरी त्याच टेबलावर. नोंद नसेल तर शाखा उघडण्याआधी दिवसअखेर परत चालवायची.