लासोटा वेळेवर देऊनही मानमोडी? नवी लस घ्यावी का?

लेयरवाला_संगमनेर: राणीखेत म्हणजे मानमोडी रोगासाठी सातव्या दिवशी लासोटा लस, मग पाण्यातून बूस्टर, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस. एकही चुकवला नाही. तरी हिरवी हगवण, अंडी निम्म्यावर, काही पक्षी माना पिळून गोल फिरतायत. लॅबने राणीखेतच सांगितलं. औषधवाला म्हणतो स्ट्रेन (विषाणूचा वाण) बदललाय, नवी महाग लस घ्या. खरंय की माल खपवतोय?

निवृत्त_पशुवैद्य: थोडं खरं, थोडं खपवणं. लासोटाचा विषाणू 1946 सालचा, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका फार्मवरचा, जीनोटाइप (जनुकीय गट) दोनचा. आपल्याकडे रोगात हल्ली बऱ्याचदा जीनोटाइप तेरा सापडतो. पण सीरोटाइप एकच, म्हणजे एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावरही चालते, त्यामुळे लस नीट पोचली तर पक्षी सहसा मरत नाही. गोची वेगळीच आहे: वाचलेला पक्षी विष्ठेतून विषाणू सोडत राहतो आणि शेड धगधगतच राहतं.

नवी लस तिथे उपयोगी. लासोटाचा सांगाडा तोच ठेवून एफ आणि एचएन (विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) यांचे जीन आजच्या विषाणूचे बसवतात. मारक विषाणूच्या एफ प्रथिनात एक जागा अशी असते की कोंबडीच्या शरीरातली जवळपास कुठलीही पेशी ती कापून त्याला आत घेते, म्हणून तो मेंदूपर्यंत जातो. लशीत नेमकी तीच जागा बदलून टाकतात. कोरियात जीनोटाइप सातसाठी अशी लस केलीय. तिने विषाणू सोडणं बरंच कमी होतं.

पण दादा, खिसा रिकामा करण्याआधी पाणी बघा. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असेल तर कुठलीही जिवंत लस टाकीतच मरते, मग ती 1946 ची असो की कालची. क्लोरीन मारायला दूध पावडर घातली होती का? आणि रक्ताची एचआय टेस्ट (प्रतिपिंडं मोजायची) करा. टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचे आकडे, वर-खाली विखुरलेले आले तर दोष बहुधा स्ट्रेनचा नाही, लस सगळ्यांना पोचलीच नसावी.

अकोल्याची_ताई: आमच्या दहा-बारा गावरान कोंबड्या. घरात फ्रीज नाही. आमच्यासाठी कुणी लस शोधतं का?

निवृत्त_पशुवैद्य: शोधलीय, ताई. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णतेला टिकणारा विषाणू निवडून आय-टू लस केली. डोळ्यात एक थेंब, बस्स. टांझानिया, मोझांबिकच्या खेड्यांत ती वापरतात. इथे तूर्त पशुवैद्यकीय दवाखान्यातून लासोटाची बाटली बर्फात आणा. वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या पहाटे खुराड्यातच धरा, कारण बाटली फोडली की दोन तासांत संपवावी लागते.