जप्त झालेल्या पुस्तकांविषयी

‘बंदी आली की पुस्तक संपते, कारण ते वाचकापर्यंत पोहोचतच नाही,’ हे मत सोव्हिएत रशियाचा अनुभव पाहता मला पटत नाही. सोव्हिएत लेखक वासिली ग्रोसमन यांची दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढाईवरील कादंबरी केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने फेब्रुवारी १९६१ मध्ये जप्त केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी टंकलिखित प्रतींबरोबर कार्बन कागद आणि टाइपरायटरच्या फितीसुद्धा उचलून नेल्या. लेखकाला मात्र अटक झाली नाही. एवढ्या बलाढ्य सत्तेला शाईच्या फितीवर उमटलेल्या अक्षरांचीही धास्ती वाटावी, यातच त्या मजकुराचे वजन कळते. मित्रांकडे दडवलेल्या प्रती जप्तीतून बचावल्या आणि पुढे मायक्रोफिल्मच्या रूपाने देशाबाहेर गेल्यामुळे ती कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व १९८८ मध्ये खुद्द सोव्हिएत संघात छापली गेली.

वाचकांचे धैर्यही तितकेच मोठे होते. ‘समिज्दात’ या प्रथेत लोक पातळ कागदांमध्ये कार्बन घालून निषिद्ध मजकूर टंकित करत आणि हातोहात पुढे देत. रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवा यांचे ‘रेक्विएम’ हे काव्य तर कागदावर ठेवणेही धोक्याचे असल्याने त्यांच्या विश्वासू स्नेह्यांनी ते कित्येक वर्षे मुखोद्गत करून जपले.

तरीही बंदीमुळे पुस्तकाचे भलेच होते, असे मी म्हणणार नाही. ग्रोसमन १९६४ मध्ये वारले आणि आपली कादंबरी छापलेली त्यांना पाहता आली नाही. आणि ज्यांची एकमेव प्रत जप्तीतच नष्ट झाली, त्या लेखकांची तर आज नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.