सॅटेलाइट फोटो आणि व्हिडिओवरून अत्याचाराचे पुरावे जमवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

टेकडीवरची
नमस्कार मंडळी. पुण्यात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका छोट्या संस्थेसोबत वीटभट्टी कामगार आणि वस्त्या पाडण्याच्या केसेसवर थोडंफार काम करते. म्यानमारमध्ये २०१७ ला रोहिंग्यांची गावं जाळली त्याचे आधीचे-नंतरचे सॅटेलाइट फोटो पाहिले तेव्हापासून डोक्यात आहे की हे आपल्याला जमेल का. जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायचं तंत्र) ओ की ठो येत नाही, लॅपटॉप साधा, आठ जीबी रॅमवाला. एका क्लासवाल्याने चाळीस हजार सांगितलेत, घालावेत का? आणि मुख्य म्हणजे हे कोर्टात टिकतं का? आधीच आभार.

रास्टर_राव
चाळीस हजार अजिबात घालू नका. गूगल अर्थ प्रो डेस्कटॉपवर फुकट आहे, त्यात वर घड्याळाचं बटण आहे ते दाबलं की जुने फोटो दिसतात. पहिला आठवडा फक्त बाणेर-बालेवाडी बघा, शेतं जाऊन टॉवर कसे उभे राहिले ते, म्हणजे ओळखीच्या जागेवर डोळा बसतो. मग कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो बघायची वेबसाइट, तीही फुकट, त्यात सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचे फोटो साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. पण पिक्सेल १० मीटरचा आहे हे डोक्यात पक्कं ठेवा, दहा बाय दहाच्या दहा-अकरा खोल्या त्या एका ठिपक्यात बसतात, त्यामुळे अख्खी वस्ती गेली तर दिसेल, एकाचं घर पाडलं तर घंटा दिसणार नाही. ३० सेंटिमीटरवाले फोटो असतात, ते विकत घ्यावे लागतात आणि परवडत नाहीत.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे नुसते ढग. तेव्हा सेंटिनेल-१ वापरायचा, तो रडार आहे, ढगातून आणि रात्रीपण बघतो, फक्त वाचायला किचकट. आगीसाठी नासाचं फर्म्स आहे, पण त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर, आणि दौंडकडे कुणी उसाचं पाचट पेटवलं तरी तोच लाल ठिपका. ठिपका बघून 'गाव जाळलं' म्हणून ट्विट करणारे महाभाग पाहिलेत मी.

गेरू
वीटभट्टीवर बोलतो, त्यात बरीच वर्षं आहे. नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ ला सॅटेलाइट फोटोंवरून पाकिस्तान, उत्तर भारत, नेपाळ, बांगलादेश या पट्ट्यात ५५,३८७ भट्ट्या असाव्यात असा अंदाज काढला. तिकडे ते जमतं कारण तिकडची भट्टी लांबट गोल आणि मधोमध धुराडं, वरून लगेच ओळखू येते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विटा रचून तीच थप्पी पेटवतात, सीझन संपला की रान मोकळं, वरून बघाल तर नुसता काळा-तांबडा डाग. आणि डाग सापडला तरी त्यातून एवढंच कळतं की इथे भट्टी होती. उचल किती दिली, फिटली का, सोडून जाऊ देतात का, पोरं थापायला बसवली का, हे वरून कुणाला दिसणार? १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली उभं राहायचं तर मुकादमाच्या वहीचा फोटो हजार सॅटेलाइटला भारी आहे. मोबाईलवर काढा, पानाचे चारही कोपरे आले पाहिजेत, तारीख आणि अंगठा दिसला पाहिजे.

शंकासुर
अवांतर होईल पण बोलतोच. हे सगळं एसीत बसून करायचे उद्योग आहेत. फोटो दाखवले तरी सरकारं सरळ 'फेक' म्हणतात आणि विषय संपतो. आजवर कुणाला शिक्षा झाली का नुसत्या फोटोवरून?

रास्टर_राव
@शंकासुर झाली की. २०१८ मध्ये कॅमेरूनचा व्हिडिओ फिरत होता, सैनिक दोन बायका आणि त्यांच्या लहान लेकरांना नेऊन गोळ्या घालतात. तिथलं सरकारही आधी 'फेक'च म्हणालं. बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोधपत्रकारितेच्या टीमने काय केलं, तर व्हिडिओत मागे जी डोंगररांग दिसते तिची रेघ गूगल अर्थमधल्या डोंगरांशी जुळवत बसले आणि जागा काढली. मग व्हिडिओतली घरं कुठल्या तारखेच्या सॅटेलाइट फोटोत आहेत आणि कुठल्या फोटोत नाहीत ते पाहून साल बांधलं, आणि चालत्या सैनिकांच्या सावल्यांवरून २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ एवढ्यावर आणलं. २०२० मध्ये चार जवानांना १० वर्षांची शिक्षा झाली. आता 'नुसत्या फोटोवरून' म्हणाल तर नाही, हत्यारं, गणवेश, नावं, सगळं जोडावं लागलं, पण व्हिडिओ फेक नाही हे डोंगर आणि सावलीनेच ठरवलं.

चीनमधल्या शिंजियांगचं, जिथे उइघुर मुसलमानांना डांबलं, तिथलं तर उलटं झालं, बायडू मॅप्स या चिनी नकाशावर काही जागा कोऱ्या दिसत होत्या, पत्रकार मेघा राजगोपालन आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या कोऱ्या जागाच शोधत जाऊन बंदिस्त छावण्या काढल्या, २०२१ चं पुलित्झर मिळालं त्याला. लपवायला गेले आणि पत्ता सांगून बसले.

मुद्देमाल
कोर्टाचं मी सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ बघायचं, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब च्या जागी आलंय. डिजिटल पुराव्याची कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच, जालन्याच्या निवडणूक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० ला ते स्पष्ट केलं होतं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून निघणारा एक लांबलचक कोड, फाइल जराही बदलली की तो बदलतो. म्हणजे व्हिडिओ हातात आला की आधी मूळ फाइलची कॉपी बाजूला, तिची एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) हॅश काढून वहीत तारीख-वेळेसकट नोंद, आणि नंतरच काय ते झूम-बिम करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो घेऊ नका, कधी-कुठे काढला वगैरे फाइलच्या आतली माहिती उडालेली असते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ फोन ज्याचा त्याला सांगून ठेवा की काही डिलीट करू नको.

यूएनच्या मानवाधिकार कार्यालयाने अमेरिकेतल्या बर्कले युनिव्हर्सिटीच्या लोकांसोबत २०२० मध्ये बर्कले प्रोटोकॉल आणला, इंटरनेटवरचे फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून कसे तपासायचे-जपायचे त्याची नियमावली, पीडीएफ फुकट आहे, तुमच्या चाळीस हजारांच्या क्लासपेक्षा तो आधी वाचा.

वस्तीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल वाचा, पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस हवी. पण रस्ता, फूटपाथ, नदीपात्र वगैरे सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला तो लागू नाही, आणि पुण्यात निम्मी भांडणं नेमकी नदीकाठचीच. तेव्हा तारखेइतकाच हद्दीचाही पुरावा लागेल.

नऱ्हेकर
एक राहिलं. असे व्हिडिओ बघताना आवाज बंद ठेवा आणि विंडो छोटी करा, रडारड-किंचाळणं कानात बसतं ते महिनोन्‌महिने जात नाही. रात्री जेवल्यावर तर नकोच. आणि तक्रारदाराच्या घराचा पिन टाकलेला नकाशा ग्रुपवर फिरवू नका, ठेकेदाराची माणसं पण ग्रुपमध्ये असतात.

टेकडीवरची
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. क्लास कॅन्सल. काल कोपर्निकसवर बसले, एका वस्तीचे कारवाईच्या आधीचे आणि नंतरचे फोटो सापडले, निळ्या ताडपत्र्यांचा पट्टा आधी आहे, नंतर नुसती माती. पण दोन फोटोंच्या मध्ये दहा दिवसांचं अंतर पडतंय, मधला फोटो ढगांनी भरलाय. आणि लोक सांगतात की नोटीस पाडून झाल्यावर चिकटवली. दहा दिवस कसे कमी करू?

रास्टर_राव
लँडसॅट ८ आणि ९ हे अमेरिकेचे सॅटेलाइट बघा, दोन्ही मिळून आठ दिवसांनी येतात. पिक्सेल ३० मीटरचा आहे पण पट्टा मोठा असेल तर रंग बदललेला कळेल. नशीब असेल तर मधली एखादी तारीख मोकळी मिळेल.

मुद्देमाल
आणि पोरांचे मोबाईल बघा. जेसीबी आला की कुणी ना कुणी शूट करतंच. नोटीस चिकटवलेल्या भिंतीचा फोटो असेल तर फार बरं, भिंत उभी होती का पडलेली तेवढं त्यात दिसलं तरी काम झालं.